तुझ्यावर राज्य, माझी पाळी : खेळातून मराठी शिकवण्याविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात इंदूरहून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. पहिले मराठीचा वर्ग चालवणाऱ्या शिक्षिकेचे, दुसरे एका आजींचे आणि तिसरे एका पालकांचे आहे. पहिल्या पत्राला मी अधिक जागा दिली आहे, कारण इतर दोघांच्या प्रश्नांची मुळे त्याच उत्तरात आहेत.

प्रश्न : मी दर रविवारी सकाळी मराठीचा वर्ग घेते. ७ ते १२ वर्षे वयाची २२ मुले येतात. घरातले मराठी त्यांना समजते, पण उत्तर हिंदीतून येते. पुस्तकाने मुले कंटाळू लागली, म्हणून मी शब्दांचे खेळ सुरू केले. मुले आता आनंदाने येतात, परंतु खेळ मराठीचा आणि आरडाओरडा हिंदीतला, अशी स्थिती आहे. तीन महिने झाले तरी बोलण्यात फरक दिसत नाही. माझे कुठे चुकते आहे?
— एक शिक्षिका, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ‘खेळ मराठीचा आणि आरडाओरडा हिंदीतला’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले असेल, पण तुमच्या प्रश्नाचे मर्म तेच आहे. कोणत्याही खेळात दोन भाषा असतात. एक चिठ्ठीवर किंवा फळ्यावर लिहिलेली, जी शिक्षकाने ठरवलेली असते. दुसरी खेळणाऱ्यांची आपापसातली, ज्या भाषेत मुले भांडतात, हट्ट करतात, गयावया करतात आणि जिंकल्यावर ओरडतात. मूल खऱ्या अर्थाने बोलते ते दुसऱ्या भाषेत. तुमच्या वर्गात चिठ्ठीवरचे ‘कमळ’ मराठी आहे, पण त्यापाठोपाठ येणारे ‘अरे, मेरी बारी थी!’ हिंदी आहे, आणि भावना त्या दुसऱ्या वाक्यात आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, काही रविवार शब्दखेळ बाजूला ठेवावेत आणि मुलांना खेळण्याची मराठी द्यावी. आपल्याकडे ही भाषा किती समृद्ध आहे, याचा आपल्यालाच विसर पडला आहे. कोणावर राज्य येणार हे ठरवण्यासाठी चकायचे. जो सुटला नाही त्याच्यावर राज्य. हात टेकला की सुटका होते तो भोज्या. आपल्या बाजूचा तो भिडू. खेळताना बूट सुटला तर टाइमप्लीज. हरू लागल्यावर जो कुरकुरतो त्याचा रडीचा डाव. आणि जे लहानगे खेळते पण बाद होत नाही ते कच्चे लिंबू. यांपैकी एकही शब्द पाठ करून घेण्याची गरज नाही. वर्गाबाहेरच्या मोकळ्या जागेत लपंडाव, लंगडी, विषामृत खेळायला घ्या, स्वतः त्यांच्यात उतरा आणि ‘आता कोणावर राज्य?’ असे तुम्हीच मोठ्याने विचारत राहा. ‘माझी पाळी आहे’ हे वाक्य एका सकाळी चाळीस वेळा कानावर पडते, आणि प्रत्येक वेळी ते कोणाला तरी मनापासून म्हणायचे असते. एवढा सराव कोणत्याही स्वाध्यायाने होत नाही.

येथे मला माझा अनुभव सांगितला पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी मीही इंदुरातच असा वर्ग घेत होते, आणि जवळजवळ वर्षभर ‘नाव-गाव-फळ-फूल’ हा खेळ मोठ्या समाधानाने खेळवत राहिले. मुले कागद भराभर भरत, गुण मोजत, आणखी एक डाव मागत. वर्षाच्या शेवटी माझ्या लक्षात आले की, त्या सर्व काळात कोणत्याही मुलाने त्या खेळात एक पूर्ण वाक्यसुद्धा उच्चारले नव्हते. ज्यांना फळांची नावे आधीपासून येत होती ते जिंकत होते; ज्यांना येत नव्हती ते शेजाऱ्याच्या कागदात डोकावत होते. त्या मुलांचे एक वर्ष माझ्यामुळे गेले, याचे मला आजही वाईट वाटते. त्यानंतर कोणताही खेळ वर्गात नेण्यापूर्वी मी स्वतःला एकच प्रश्न विचारू लागले : जी गोष्ट मला शिकवायची आहे, ती न बोलता हा खेळ जिंकता येतो का? जिंकता येत असेल, तर तो खेळ करमणुकीसाठी चांगला आहे, भाषेसाठी नाही.

म्हणजे खेळ निवडताना सुरुवात खेळांच्या यादीपासून करू नये, मुलांच्या चुकांपासून करावी. दोन रविवार नुसते ऐका आणि चुका वहीत टिपून ठेवा. इंदूरच्या मुलांच्या चुका बहुतेक हिंदीच्या वाटेने आलेल्या असतात, त्यामुळे त्या थोड्याच प्रकारच्या निघतील.

सर्वांत मोठी अडचण नपुंसकलिंगाची. हिंदीत दोन लिंगे, मराठीत तीन. साहजिकच ‘ते’ गळून पडते आणि मूल ‘ती पुस्तक’, ‘तो कुलूप’ म्हणते. यासाठी एक खेळ सांगते. कापडी पिशवीत सहा वस्तू ठेवा : चमचा, कंगवा, वाटी, किल्ली, कुलूप, पुस्तक. सर्वांना त्या आधी दाखवा. राज्य असलेले मूल पाठ फिरवून त्यांतली एक वस्तू हातात लपवते आणि तिचे नाव न घेता वर्णन करते. त्याच्या भिडूंनी ती दोन वाक्यांत ओळखायची. मूल म्हणाले, ‘ते जड आहे.’ आता ‘ते’ म्हटल्याबरोबर सहातल्या चार वस्तू बाद झाल्या, उरले कुलूप आणि पुस्तक. दुसरे वाक्य, ‘ते लोखंडाचे आहे’, आणि डाव जिंकला. पण हातात पुस्तक असताना कोणी ‘ती जड आहे’ म्हणाले, तर भिडू वाटी आणि किल्लीच्या मागे लागतात आणि गुण जातो. लिंग हा येथे व्याकरणाचा नियम राहत नाही, तो सुगावा होतो. चूक तुम्हाला दाखवावी लागत नाही. भिडूच कपाळावर हात मारून सांगतो, ‘अरे, ते म्हणायचे ना!’

दुसरी चूक सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दात होणाऱ्या बदलाची, आणि ती मोठ्या मुलांमध्येही टिकून राहते. एकाला बाहेर पाठवा, बाकीच्यांनी खोलीत चिठ्ठी लपवावी. आत आल्यावर त्याने जागेवरून न हलता विचारायचे : खुर्चीखाली आहे का? दारामागे? पंख्यावर? उत्तर फक्त हो किंवा नाही. यात गंमत आणायची असेल तर टेबलावर एक मोसंबे ठेवा. ज्याला फळ्याच्या मागे म्हणायचे आहे तो ‘फळामागे’ म्हणाला, की सर्वांच्या नजरा मोसंब्याकडे वळतात. फळ आणि फळा हे दोन वेगळे शब्द प्रत्यय लागल्यावरही वेगळे राहावेत यासाठीच भाषा एवढी खटपट करते, हे मुलांना त्या क्षणी कळते. मोठ्या मुलांसाठी माळ आणि माळा घ्या : माळावर गुरे चरतात, माळ्यावर जुन्या ट्रंका असतात आणि माळेवर फुलपाखरू बसते. तीन चित्रे काढून भिंतीवर लावली की खेळ तयार होतो.

तिसरी चूक ‘मीने’. हिंदीतल्या ‘मैंने’चे हे सरळ रूपांतर आहे. मराठीत त्याने, तिने, रामाने म्हणतो, पण मी आणि तू यांना ‘ने’ लागत नाही. यासाठी साखळीचा खेळ घ्यावा, आणि तो इंदुरात सराफ्याच्या खाऊगल्लीशिवाय दुसरीकडे कुठे न्यायचा? पहिले मूल म्हणते, ‘मी काल सराफ्यात गेलो आणि भुट्ट्याचा कीस खाल्ला.’ दुसरे : ‘मी काल सराफ्यात गेले, भुट्ट्याचा कीस खाल्ला आणि जिलबी खाल्ली.’ तिसऱ्याने दहीवडे जोडायचे. प्रत्येकाला आधीचे सर्व आठवून म्हणावे लागते, त्यामुळे ‘मी’ आणि ‘खाल्ला, खाल्ली, खाल्ले’ ही जोडी पुन्हा पुन्हा जिभेवर येते. मग कोणी तरी शिकंजी आणते आणि अडते, कारण खाल्ल्याचे रूप पदार्थाप्रमाणे बदलत होते, पण पिताना मुलगा ‘प्यायलो’ म्हणतो आणि मुलगी ‘प्यायले’. ही गोष्ट तुम्ही आधी सांगू नका. मुलांच्या ती लक्षात येऊ द्या. शोधल्याचा आनंद त्यांचा असू द्या. माझ्या वर्गात एकदा गराडू तो की ते, यावर बराच वाद झाला होता. ज्याच्या घरी जसे म्हणतात तसे त्याने म्हणावे, असे मी ठरवले, कारण तो पदार्थ माळव्याचा आहे आणि त्याचे लिंग येथल्या घरांनीच ठरवायचे आहे.

‘ळ’साठी चित्रांच्या जोड्या कराव्यात : वेळ आणि वेल, गाळ आणि गाल, मूळ आणि मूल. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात, एक शब्द बोलते, दुसरे ऐकून चित्र उचलते. चित्र चुकले तर दोष उच्चाराचा की कानाचा, हे दोघांनी मिळून ठरवायचे. ‘काळे राळे, गोरे राळे’ त्यानंतर म्हणून घ्यावे. मुलांना हेही जरूर सांगा की प्रमाण हिंदीत नसला तरी हा ध्वनी माळवीत आहे. इंदूरच्या बाजारात भाजी घेऊन येणाऱ्या खेड्यातल्या माणसाच्या बोलण्यात तो ऐकू येतो. ‘ळ’ म्हणजे फक्त आजीच्या तोंडची अवघड गोष्ट नाही, तो या मातीतला आहे.

संघ पाडून खेळताना एक गोष्ट आपोआप शिकवता येते. हिंदीत ‘हम जीते’ हे दोन्ही संघांना एकच ऐकू येते. मराठीत आपल्या भिडूंना मिठी मारून ‘आपण जिंकलो’ म्हणायचे आणि समोरच्यांना ‘आम्ही जिंकलो’. जिंकल्यावर हे चुकले तर एक गुण परत, एवढा नियम केला तरी पुरते.

आता खेळाच्या रचनेविषयी एक गंभीर मुद्दा. चुकला की बाहेर, या पद्धतीचे खेळ भाषेच्या वर्गात चालवू नयेत. ज्याला सर्वांत कमी येते तो सर्वांत आधी बाद होतो आणि उरलेली वीस मिनिटे भिंतीला टेकून बसतो, म्हणजे ज्याला सरावाची सर्वाधिक गरज त्यालाच सर्वांत कमी सराव मिळतो. आपल्या परंपरेने याची सोय आधीच करून ठेवली आहे : कच्चे लिंबू. फक्त ते बिरुद वयाने मोठ्या मुलाला बोचते, म्हणून दर रविवारी दोन कच्ची लिंबे चिठ्ठी टाकून निवडावीत. जो उत्तम बोलतो त्याच्यावरही ती पाळी आली, की त्यातला कमीपणा निघून जातो. आणि डाव रंगात असताना मुलांना मध्येच थांबवून दुरुस्त करू नका. खेळच जी चूक पकडतो ती पकडू द्या, बाकीच्या वहीत टिपा. त्यांतूनच पुढच्या रविवारचा खेळ मिळेल.

‘तो येऊन राहिला आहे’ असे काही मुले म्हणतात, त्याचे काय करावे, असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. त्याला चूक म्हणू नका. आपल्याकडच्या अनेक घरांत मागच्या पिढ्यांपासून असेच बोलले जाते. ‘लिहिताना येत आहे असे लिहितात’ एवढे सांगितले की पुरे. मूल जे मराठी घरून घेऊन येते, त्याची लाज वाटायला लावणारा वर्ग त्याला मराठीपासून दूर नेतो.

प्रश्न : माझी नातवंडे ५ आणि ९ वर्षांची आहेत. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर शब्दांच्या भेंड्या खेळते. त्यांना शब्द आठवत नाहीत, मग ती हिंदी शब्द देतात. घ्यावेत की नाही? शिवाय ‘पाणी’वर शब्द संपला की भांडण होते. आणि मोठा नातू परवा ‘आजी, मी चेष्टा करतो आहे’ म्हणाला, त्याला प्रयत्न करतो आहे असे म्हणायचे होते!
— एक आजी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : हिंदी शब्द घ्यावा, पण उसना घ्यावा. नातवाने ‘खरगोश’ म्हटले की तुम्ही ‘ससा’ द्या, तो शब्द चिठ्ठीवर लिहून एका डब्यात टाका आणि खेळ पुढे चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी डब्यातली चिठ्ठी काढून त्याने त्या शब्दाचे एक वाक्य केले की उसने फिटले. शब्द नाकारला तर मूल गप्प बसते. नुसता स्वीकारला तर मराठी शब्द येतच नाही. उसनवारीत दोन्ही साधते, आणि डबा रिकामा करण्याची मुलांना विलक्षण हौस असते.

‘पाणी’चे भांडण आपल्या भाषेमुळे आणि लिपीमुळे आहे. मराठीत कोणताही रोजचा शब्द ‘ण’ किंवा ‘ळ’ने सुरू होत नाही, म्हणून ‘ण’ आला की ‘न’ आणि ‘ळ’ आला की ‘ल’ घ्यायचा, असा जुना संकेत आहे. दुसरा प्रश्न मात्रांचा : ‘पाणी’नंतर ‘नी’पासूनच शब्द हवा की ‘न’च्या बाराखडीतला कोणताही चालेल? पाच वर्षांच्या नातीसाठी कोणताही चालू द्या, नऊ वर्षांच्या नातवासाठी मात्रेसह अट ठेवा. एकाच खेळात दोघांना वेगळा नियम लावण्यात अन्याय नाही. लंगडी घालतानाही धाकट्याला दोन पाय टेकू देतोच. इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्यांचा खेळ देवनागरीत आणताना काहींची हीच अडचण होते, कारण आपल्याकडे काना-मात्रा अक्षराला चिकटून येतात. घरी पुठ्ठ्याचे तुकडे करायचे असतील तर त्यांवर सुटे वर्ण लिहू नका, ‘का’, ‘मि’, ‘ळे’ अशी पूर्ण अक्षरे लिहा.

‘चेष्टे’बद्दल नातवाला रागावला नसाल अशी आशा आहे, कारण त्याने फार मोलाची गोष्ट तुमच्या हाती दिली आहे. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे शब्द पुष्कळ आहेत. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. तिकडे शिक्षा म्हणजे शिक्षण, इकडे दंड. तिकडचा संसार जगाएवढा, इकडचा भांड्याकुंड्यांचा. ‘खाली’ तिकडे रिकामे, इकडे तळाशी. ‘सही’ तिकडे बरोबर, इकडे कागदावरची. ‘ताई’ तर तिकडे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको होते आणि इकडे मोठी बहीण. अशा शब्दांची दोन घरांची चित्रे काढा आणि वाक्य ऐकून नातवाने कोणत्या घरात उडी मारायची ते ठरवा. ज्या मुलाला दोन भाषा येतात त्यालाच हा खेळ खेळता येतो. त्याची हिंदी ही मराठीची वैरीण नाही, हे त्याला उड्या मारता मारता कळते.

प्रश्न : माझा मुलगा वर्षभर मराठीच्या वर्गाला जातो. वही कोरी आहे. विचारले तर ‘आज आम्ही खेळलो’ म्हणतो. खेळायला घराजवळ बाग आहे. त्यासाठी रविवारची सकाळ का घालवावी?
— एक पालक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे आणि ती उडवून लावणार नाही. खेळ चालला आहे म्हणजे शिक्षण चालले आहे, असे नाही. ते वर पहिल्या उत्तरात सविस्तर आले आहे. परंतु खेळ हा अभ्यासातून काढलेला विसावा आहे, हा समज मात्र बरोबर नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले, तेव्हापासून आपल्या देशात हा विचार रुजतो आहे. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे तो थेट आदिवासी पाड्यांतल्या अंगणांत आणि गुरे चारण्याच्या कुरणांपर्यंत नेला. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ या वयोगटासाठी खेळ हीच शिकण्याची मुख्य रीत मानली आहे, आणि शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असेही म्हटले आहे. इंदुरात ते दुसरे काम आज बहुतेक रविवारच्या सकाळीच होते.

तरीही वर्षभर वही कोरी राहणे मला मान्य नाही. पंचवीस मिनिटे खेळ झाला की त्यात बोललेली तीन वाक्ये मुलाने लिहावीत, एवढे व्हायलाच हवे. तसे तुम्ही शिक्षिकेला नम्रपणे सुचवा. त्यांनाही ते पटेल. आणि घरी एक करून पाहा. वर्गातून आल्यावर ‘आज काय शिकलास?’ असे विचारू नका, त्याला उत्तर नसते. ‘तो खेळ मला शिकव’ असे म्हणा. नियम समजावून सांगताना त्याला आधी, मग, नाहीतर, जर, तेव्हा हे सगळे मराठीत आणावे लागेल. तुम्ही मुद्दाम चुका, म्हणजे तो तुम्हाला दुरुस्त करील. त्याचे पहिले पूर्ण मराठी वाक्य ऐकू आले की वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून ते तुम्हीच लिहून ठेवा. मग दर महिन्याला एक लिहा, आणि दिवाळीनंतर ते पान घेऊन शिक्षिकेकडे जा.